टॉर्क रेंच वापरूनही तेच नट पुन्हा ढिले, तोच प्लग पुन्हा जाम: गडबड नेमकी कुठंय?

घरच्या घरी गाडीचं काम करणाऱ्यांची ही नेहमीची रड आहे. टॉर्क रेंच (नट किती जोरात फिरवून आवळला, म्हणजे टॉर्क किती लागला, ते मोजणारा पाना) घेतला, मॅन्युअलमधला आकडा लावला, टक् आवाज आला, काम झालं म्हणून हात धुतले, आणि काही दिवसांनी त्याच चाकाचा एखादा नट सैल लागतो, किंवा उलटं, पुढच्या ऑइल चेंजला ड्रेन प्लग (इंजिनखालचा, जुनं ऑइल काढायचा बूच) असा बसलेला असतो की पाना वाकेल पण तो हलणार नाही. मग पहिला संशय रेंचवर, दुसरा स्वतःच्या हातावर, आणि तिसऱ्या पायरीला माणूस नवीन भारीतला रेंच शोधायला लागतो. नवीन घ्यायचाच असेल तर जरूर घ्या, पण जुना का फसवतोय ते आधी कळलं नाही तर नवीनही तेच करणार.

माझं मत आधीच सांगून टाकतो. रेंचवर कुणाचं नाव आहे, वॉरंटी किती, डबा किती छान, हे सगळं नंतरचं. तुम्ही जे काम सगळ्यात जास्त करता ते त्या रेंचच्या रेंजच्या, म्हणजे तो मोजू शकतो त्या सगळ्यात छोट्या ते सगळ्यात मोठ्या आकड्याच्या, मधोमध आलं पाहिजे आणि तो खरं सांगतोय का हे तुम्हाला स्वतःला तपासता आलं पाहिजे. या दोन अटींत बसणारा साधा रेंच, न बसणाऱ्या भारी रेंचपेक्षा कधीही बरा.

आता लक्षणं बघू. चारही चाकांचे नट थोडे थोडे ढिले होत असतील तर रेंच किंवा लावलेला आकडा चुकतोय. एकाच चाकाचे होत असतील तर रेंच बिचारा निर्दोष असायची शक्यता जास्त, चाक, हब (ज्यावर चाक बसतं तो भाग) नाहीतर नट बघा. चाकाचं सगळं ठीक पण छोटे बोल्टच तुटतायत, आटे जातायत, तर बहुतेक रेंजची भानगड आहे. आणि टाइट केलेलं पुढच्या वेळी उघडतच नसेल तर टॉर्क रेंच लावायच्या आधी तो नट कशानं आवळला होता ते आठवा.

हे शेवटचं जरा समजून घ्या कारण इथं खूप जण फसतात. इम्पॅक्ट गननं (ठोके देत नट फिरवणाऱ्या मशीननं) किंवा चाकाच्या पान्यावर उभं राहून नट आवळला आणि मग वरून टॉर्क रेंच लावून टक् ऐकलं, तर त्या टक्चा अर्थ एवढाच की नट निदान तेवढा तरी टाइट आहे. दुप्पट टाइट असला तरी रेंच टक् असाच म्हणणार. ७० किलोचा माणूस अर्धा मीटर लांबीच्या पान्याच्या टोकावर नुसता उभा राहिला तरी साधारण ३४० न्यूटन मीटर (टॉर्क मोजायचं एकक) होतात, आणि बऱ्याच छोट्या मोठ्या कारच्या चाकांना लागतात शंभरच्या आसपास (होंडाच्या बऱ्याच गाड्यांना १०८, टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना १०३, फोक्सवॅगनच्या एम१४ म्हणजे १४ मिलिमीटर जाडीच्या बोल्टला १२०, तुमच्या गाडीचा आकडा तुमच्या मॅन्युअलमधलाच धरायचा). म्हणून नियम असा की टक् होताना नट फिरत असला पाहिजे. न फिरता लगेच टक् झालं तर तो मोजलेला टॉर्क नाही, नट सोडा आणि परत आवळा. आवळता आवळता मध्येच थांबून पुन्हा जोर लावला तरी असंच होतं, थांबलेला नट परत हलवायला जास्त जोर लागतो आणि रेंच लवकर टक् करून मोकळा होतो, त्यामुळे शेवटची ओढ एका दमात, सावकाश, झटका न देता.

आणि एकदा टक् झालं की झालं. खात्रीसाठी अजून दोनदा टक् टक् करायची सवय बऱ्याच जणांना असते, त्यानं प्रत्येक वेळी नट अजून थोडा सरकतो.

आता घर्षण. टॉर्क रेंच मोजतो तो नट फिरवायला लागणारा जोर, आणि आपल्याला हवा असतो तो बोल्टमधला ताण, ज्यानं चाक हबला घट्ट दाबून धरलं जातं. या दोन गोष्टी एक नाहीत. ढोबळ हिशोब असा सांगतात की लावलेल्या टॉर्कपैकी निम्मा नटाच्या खालच्या बाजूच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि खरा ताण द्यायला उरतो जेमतेम दहा टक्के. म्हणजे घर्षण जरा इकडं तिकडं झालं की उरलेल्या दहा टक्क्यांचा पार खेळ होतो. एम१२ च्या स्टडवर (हबमधून बाहेर आलेला, नट बसायचा आट्यांचा दांडा) १०० न्यूटन मीटर लावले तर कोरड्या आट्यांवर साधारण सव्वाचार टनाचा ताण येतो, आणि त्याच आट्यांना तेल लागलेलं असेल तर साडेपाच टनाच्या वर, रेंच तोच, आकडा तोच, टक् पण तेच. गंजलेल्या, मातीनं भरलेल्या आट्यांवर याच्या उलट, टक् होतं पण ताण आलेलाच नसतो, आणि मग नट ढिला झाला म्हणून रेंचला शिव्या. तेव्हा वायर ब्रशनं आटे साफ करा, आणि कंपनीनं तेल किंवा ग्रीस लावा असं सांगितलं नसेल तर कोरडेच ठेवा. मॅन्युअलमधले आकडे बहुतेक वेळा कोरड्या स्वच्छ आट्यांसाठीच असतात. स्पार्क प्लगलाही हेच, हल्लीच्या प्लगच्या आट्यांवर आधीच कोटिंग असतं आणि एनजीकेसारखी प्लगची कंपनी अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) लावू नका असंच सांगते, कारण तोच आकडा लावला तरी प्लग जास्त आवळला जातो.

एकाच चाकाचे नट ढिले होत असतील तर चाक काढा आणि हबची सपाट बाजू बघा. गंजाचे पापुद्रे, जाड रंग, मातीचा थर, यातलं काहीही मध्ये असलं तर ते गाडी चालताना दबतं, झिजतं, आणि तेवढाच नटाचा ताण कमी होतो. नवीन रंगवलेल्या रिमला तर हे हमखास. दुसरं म्हणजे नटाची बैठक. काही नट शंकूसारखे असतात, काही गोलाकार बसणारे, काही सपाट वॉशरवाले. होंडाच्या मूळ चाकांना गोल बैठक असते आणि बाहेरून घेतलेल्या अलॉयला बहुतेक वेळा शंकूची, मग जुनेच नट नवीन चाकाला लावले की ते नुसत्या कडेवर टेकतात. रेंच टक् करतो, नट बसलेला नसतोच. याला जगातला कुठलाही रेंच काही करू शकत नाही. चाक हवेत असताना नट आधी हातानं बसवायचे, मग पान्यानं समोरासमोरचे क्रमानं बेतानं आवळायचे, गाडी टेकवून मग टॉर्क रेंच, तोही समोरासमोरच, आणि पन्नास ते शंभर किलोमीटर चालल्यावर एकदा परत बघायचं. वेडेवाकडे कमी जास्त आवळलेले नट ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरायचंही एक कारण असतात, लोक डिस्क बदलत बसतात.

ड्रेन प्लगचं थोडक्यात: जुना वॉशर परत लावला, तो गळला, गळतोय म्हणून अजून आवळला, आणि आटे गेले. वॉशर नवीन टाका, बहुतेक गाड्यांना २५ ते ४० च्या दरम्यान कुठंतरी आकडा असतो, तेवढाच लावा.

आता येऊ रेंजवर, म्हणजे रेंच निवडायच्या खऱ्या मुद्द्यावर. हातानं वापरायच्या टॉर्क रेंचचं आंतरराष्ट्रीय मानक आहे आयएसओ ६७८९, सध्याची आवृत्ती २०१७ ची. आकडा लावून टक् करणाऱ्या रेंचला त्यात १० न्यूटन मीटरच्या वरच्या रेंजसाठी अधिक उणे ४ टक्के आणि १० किंवा त्याखालच्यांना ६ टक्के चूक चालते. बहुतेक रेंचची ही हमी असते ती पूर्ण क्षमतेच्या २० टक्क्यांपासून वर. म्हणजे २०० चा रेंच ४० च्या खाली काय करेल याची जबाबदारी कुणी घेतलेली नसते. आणि ४० च्या जवळ सुद्धा टक् इतकं बारीक येतं की जाड हातमोजा घातला असेल तर कळतही नाही, तुम्ही ओढत राहता आणि छोटा बोल्ट तुटून हातात येतो. चाकासाठी घेतलेला मोठा रेंच व्हॉल्व कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) १० न्यूटन मीटरच्या बोल्टला लावणं म्हणजे सोनं तोलायला धान्याचा काटा आणणं.

म्हणून एकाच रेंचमध्ये सगळं बसवायचा हट्ट सोडा. चाकं, सस्पेन्शनचे मोठे बोल्ट यांना अर्धा इंच चौकोनाचा (चौकोन म्हणजे रेंचच्या डोक्याचं चौकोनी टोक, ज्यावर सॉकेट बसतं), साधारण ४० ते २०० वाला. स्पार्क प्लग, ड्रेन प्लग, ब्रेक कॅलिपरचे बोल्ट याला तीन अष्टमांश इंचवाला, २० ते १०० च्या आसपास. इंजिनवरचे बारीकसारीक बोल्ट, अ‍ॅल्युमिनियममध्ये जाणारे, त्यांना पाव इंचवाला ५ ते २५. तिन्ही एकदम घ्यायची गरज नाही. फक्त चाकं काढत घालत असाल तर मोठा एकच पुरे. पण सर्व्हिसिंग स्वतः करत असाल तर माझ्या मते पहिला रेंच मधला घ्यावा, कारण १४ मिलिमीटरचा वॉशरवाला स्पार्क प्लग अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये (इंजिनच्या वरच्या भागात) २५ ते ३० ला, ड्रेन प्लग तिसाच्या आगेमागे, ही जास्तीची कामं सगळी तिथंच येतात, आणि नुकसान सुद्धा तिथंच जास्त होतं. चाकाचा नट थोडा जास्त आवळला तर पुढच्या वेळी घाम निघेल, हेडमधले आटे गेले तर हेड उतरवायची वेळ येऊ शकते.

डब्यावर अचूकता लिहिलेली असते ती नीट वाचा. ४ टक्के म्हणजे दाखवलेल्या आकड्याच्या ४ टक्के, की पूर्ण क्षमतेच्या? डायलवाल्या आणि काही डिजिटल रेंचवर पूर्ण क्षमतेचे टक्के छापलेले असतात. २०० च्या रेंचवर पूर्ण क्षमतेच्या ३ टक्के म्हणजे ६ न्यूटन मीटर, ही चूक शंभरला ६ टक्के होते आणि वीसला ३० टक्के. छापलेला आकडा छोटा दिसतो म्हणून भुलू नका.

एककांचा घोळ तर विचारूच नका. एकाच दांड्यावर एका बाजूला न्यूटन मीटर, दुसऱ्या बाजूला फूट पाउंड, जुन्या मॅन्युअलमध्ये किलोग्रॅम मीटर. १ फूट पाउंड म्हणजे १.३५६ न्यूटन मीटर, १ किलोग्रॅम मीटर म्हणजे ९.८१. चुकीच्या बाजूचे १०० लावले की नट १३६ ला आवळला जातो आणि तुम्ही छातीठोकपणे सांगता मी टॉर्क रेंचनं लावलाय. त्यात भर म्हणजे मुठीच्या फिरत्या रिंगवरचा आकडा मुख्य पट्टीतल्या आकड्यात मिळवायचा असतो, ९८ च्या रेषेवर मूठ आणि रिंगवर ६ म्हणजे १०४, आणि रेषा मुठीच्या नेमक्या कोणत्या कडेला धरायची हे प्रत्येक रेंचच्या कागदात वेगळं असू शकतं. घेताना हेच बघा, आकडे खोदलेले आहेत की नुसते छापलेले, मंद उजेडात वाचता येतात का, आणि लॉक लावल्यावर मूठ खरंच फिरत नाही ना.

प्रकार म्हणाल तर घरी कामाचे मुख्य तीन. काट्याचा म्हणजे बीमवाला, एक दांडा वाकतो, दुसरी बारीक काडी सरळ राहून पट्टीवर आकडा दाखवते. दिसायला अगदी जुनाट, रॅचेट (पाना नटावरून न काढता मागंपुढं हलवून आवळायची सोय) नाही, वरून सरळ बघावं लागतं, गाडीखाली पडून तो वाचणं म्हणजे मानेची कसरत, पण त्यात बिघडायला काही नाहीच. काटा शून्यावर नसेल तर हलक्या हातानं वाकवून शून्यावर आणायचा, झालं. दुसरा क्लिकवाला, आत स्प्रिंग, सगळ्यात सोयीचा, आणि सगळ्यात जास्त याच्यावरच विश्वास टाकला जातो. तिसरा डिजिटल, कमाल आकडा धरून ठेवतो, काहींमध्ये कोन पण मोजता येतो, पण सेल संपला की ठोकळा. स्प्रिंगऐवजी वाकणाऱ्या दांड्यावर चालणारे क्लिकचे रेंचही मिळतात, स्टालविलेचा मॅनोस्कोप त्यातलाच, तो काम झाल्यावर शून्यावर आणायची गरज नसते. रोज वापरणाऱ्याला ते परवडेल, महिन्यातून एकदा चाक काढणाऱ्याला माझ्या मते क्लिकवाला एक आणि सोबत साधा बीमवाला एक, पहिल्यानं काम करा, दुसऱ्यानं पहिल्यावर लक्ष ठेवा.

हेड बोल्टसारख्या ठिकाणी आधी ठरावीक टॉर्क आणि मग वर ९० अंश असं लिहिलेलं असतं, तिथं नुसत्या टॉर्क रेंचनं भागत नाही, कोन मोजायचं गेज लागतं, आणि असे ताणले जाणारे बोल्ट बहुतेकदा नवीनच टाकायचे असतात.

वापरताना हात मुठीवरच्या खुणेवर हवा. पुढं पकडू नका, मुठीला पाइप जोडून लांब करू नका. सॉकेटला सरळ एक्स्टेंशन लावल्यानं आकडा बदलत नाही, फक्त ते तिरकं होऊ देऊ नका, पण हलणारा युनिव्हर्सल जॉइंट मध्ये आला की आकड्याचा भरवसा संपला. पुढं सरळ रेषेत निघणारा जोड लावला तर रेंचची लांबी वाढते आणि आकडा कमी लावावा लागतो: हवा तो टॉर्क गुणिले रेंचची लांबी, भागिले रेंच अधिक जोड. चौकोनाच्या मध्यापासून मुठीच्या खुणेपर्यंत ४०० मिलिमीटर आणि जोड ४० चा असेल तर १०० साठी ९१ लावायचे. जोड काटकोनात लावला तर काही बदलायची गरज नाही. आणि क्लिकवाल्या रेंचनं नट सोडायचे नाहीत म्हणजे नाहीत, जाम नटाला पट्टीच्या वरचा जोर लागतो आणि बिघाड तिथूनच सुरू होतो. काम झालं की स्प्रिंगवाला रेंच पट्टीच्या सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, त्याच्याही खाली फिरवत नेऊ नका. हातातून फरशीवर पडला असेल तर तपासल्याशिवाय परत लावू नका. मानकात तपासणीची मुदत बारा महिने किंवा ५००० वेळा वापर, जे आधी होईल ते. घरी ५००० कधीच होत नाहीत, बारा महिने मात्र होतात.

तपासायचं कसं? बादलीनं. रेंचचा चौकोन व्हाइसमध्ये आडवा पकडा, असा की रेंचच्या डोक्याकडं बघताना दांडा उजवीकडं आडवा येईल, म्हणजे खाली ओढलं की आवळायच्या दिशेनं जोर जाईल. चौकोनाच्या मध्यापासून मुठीच्या खुणेपर्यंत अंतर मोजा, समजा ०.४० मीटर. रेंचचं स्वतःचं वजन पण खाली ओढतं, ते लोक विसरतात. रेंच बोटावर तोलून त्याचा मध्य काढा, समजा वजन १.३ किलो आणि मध्य चौकोनापासून ०.१८ मीटरवर, तर १.३ गुणिले ९.८१ गुणिले ०.१८ म्हणजे सुमारे २.३ न्यूटन मीटर फुकटात लागलेले असतात. रेंच ६० वर लावा, आधी चार पाच वेळा तसाच टक् करून आतलं ग्रीस मोकळं होऊ द्या, मग खुणेवर दोरीनं बादली अडकवा आणि सावकाश पाणी ओतत जा. टक् झालं की थांबा, दोरीसकट बादलीचं वजन करा. हिशोबानं बरोबर रेंच १४.७ किलोला टक् करेल, ४ टक्क्यांच्या आत असेल तर साधारण १४.१ ते १५.३ च्या मध्ये कुठंही. वजनकाटा बरा हवा, अंतर मिलिमीटरमध्ये मोजा, आणि पायाखाली बादली पडणार नाही असं बघा.

हेच तीन वेगवेगळ्या आकड्यांवर करा आणि प्रत्येक आकड्यावर पुन्हा पुन्हा करा. प्रत्येक वेळी सारखाच सात आठ टक्के जास्त किंवा कमी येत असेल तर रेंच चांगला आहे, फक्त सरकलाय, कॅलिब्रेशन (तपासून आकडा जुळवून द्यायचं काम) करणाऱ्याकडं दिला की बहुतेक वेळा जागेवर येतो. पण एकाच आकड्यावर कधी १३ किलोला, कधी १६ ला टक् होत असेल तर आतली स्प्रिंग किंवा टक् करणारा भाग झिजलाय, त्याच्यावर खर्च करू नका आणि चाकाला तर मुळीच लावू नका. सेकंडहँड घेत असाल तर हीच परीक्षा आधी. नवीन रेंचसोबत आलेलं प्रमाणपत्र असेल तर त्यावरचा सिरीयल नंबर दांड्यावरच्या नंबराशी जुळतो का बघा, आणि त्यात कुठल्या कुठल्या आकड्यावर प्रत्यक्ष किती आलं हे लिहिलेलं असेल तरच त्याला काही अर्थ, नुसता पासचा शिक्का काही सांगत नाही. डाव्या आट्यांचे नट कधी येणार असतील तर रेंच दोन्ही दिशांना मोजतो का तेही विचारा, क्लिकवाल्या बऱ्याच रेंचचं रॅचेट उलटं फिरतं पण ते मोजतात एकाच दिशेनं.